शून्य बायसपासून सुरुवात: नॅनो-वाहकातला नॉइज मोजण्याची माझी पद्धत

माझ्या प्रयोगवहीच्या एका पानावर लाल पेनाने लिहिलंय: ‘३.४ केल्विन???’

सॅम्पल, म्हणजे सोन्याच्या तारेचा अणूएवढा सांधा, द्रव हेलियमच्या टाकीत होतं. टाकी ४.२ केल्विनवर. आणि सॅम्पलचा नॉइज, म्हणजे त्यातल्या प्रवाहाचे आपोआप होणारे चढउतार, सांगत होता की सॅम्पल टाकीपेक्षाही थंड आहे. त्याच दिवशी त्याच सॅम्पलचा फॅनो गुणक (नॉइजचं एक माप, पुढे समजावते) ०.७२ आला होता, यायला हवा होता ०.९. मी फॅनोच्या मागे लागले. इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात का, त्यांना जायला दुसरी वाट (चॅनल) उघडलीय का, असल्या कल्पनांवर दोन आठवडे घालवले आणि त्या ३.४ कडे मात्र प्रश्नचिन्हं काढून पाठ फिरवली. दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं, ते पुढे सांगते.

कंडक्टन्स मोजायची सवय झालेली आहे, पण नॉइज कधी मोजलेला नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. सूत्रं शब्दांत देईन. वहीत तुम्ही ती चिन्हांत उतरवून घ्या.

आधी कागदावर

उपकरणाला हात लावण्याआधी अर्धा तास आकडेमोड करा. कंटाळवाणं वाटतं, पण ज्या सिग्नलचा आकार माहीत नाही तो शोधणार कसा?

कुठलाही वाहक नुसता पडून असला, त्यातून प्रवाह नसला, तरी त्यात नॉइज असतोच. जॉन्सनने तो मोजला आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, दोघांचेही लेख १९२८ चे. प्रवाहाच्या चढउतारांची घनता म्हणजे ४ × बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान × कंडक्टन्स. हा थर्मल नॉइज.

दुसरा नॉइज प्रवाह सुरू केल्यावरच दिसतो. इलेक्ट्रॉन येतो तो अख्खा येतो, अर्धा कधी येत नाही. म्हणून ठरावीक वेळात किती आले ही मोजदाद दर वेळी थोडी वेगळी भरते. शॉट्कीने हे १९१८ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबसाठी मांडलं: २ × इलेक्ट्रॉनचा भार × सरासरी प्रवाह. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन एकमेकांची दखल न घेता निघतात, म्हणून पूर्ण शॉट नॉइज मिळतो. नॅनो-वाहकात तसं नाही. तिथे मोजके चॅनल असतात आणि प्रत्येक चॅनलची पारगमनाची शक्यता वेगळी. शक्यता १ असेल तर आत शिरणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन पलीकडे जातो. पाउलीच्या नियमामुळे (एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन) आत येणारी रांग आधीच शिस्तीची असते, त्यामुळे मोजदादीत चढउतार उरतच नाही. शक्यता शून्याजवळ असेल तर पुन्हा शॉट्कीचं उत्तर. मधल्या ठिकाणी ‘शक्यता × (१ − शक्यता)’ एवढा नॉइज. सगळ्या चॅनलची ही बेरीज भागिले सगळ्या शक्यतांची बेरीज, म्हणजे फॅनो गुणक.

आता आकडे. मी बहुतेक काम सोन्याच्या तारेवर केलं. तार हळूहळू ताणून तोडायची, तुटायच्या आधी शेवटी एका अणूचा सांधा उरतो. त्याचा कंडक्टन्स एका क्वांटमजवळ बसतो, म्हणजे ७७.५ मायक्रोसीमेन्स, म्हणजेच १२.९ किलोओम. ४.२ केल्विनवर याचा थर्मल नॉइज (वरच्या घनतेचं वर्गमूळ) १३४ फेम्टोअँपिअर प्रति वर्गमूळ हर्ट्झ. सांध्याच्या दोन टोकांत व्होल्टेज म्हणून बघितलं तर १.७ नॅनोव्होल्ट (हेही प्रति वर्गमूळ हर्ट्झ, पुढे दर वेळी लिहीत नाही). १० मिलिव्होल्ट बायस, म्हणजे दोन टोकांत बाहेरून व्होल्टेज, दिला तर प्रवाह ०.७८ मायक्रोअँपिअर आणि शॉट्कीचा पूर्ण नॉइज सुमारे ५०० फेम्टोअँपिअर. पण सोन्याच्या एका अणूचा चॅनल जवळजवळ पूर्ण उघडा असतो. फॅनो ०.१ धरला, तर शॉट नॉइज १५८ फेम्टोअँपिअरवर येतो, थर्मलच्या बरोबरीला. लेडनमध्ये १९९९ साली सोन्याच्या सांध्यात हाच दबलेला नॉइज मोजला गेला, तो या क्षेत्रातल्या माझ्या आवडत्या प्रयोगांपैकी एक आहे.

चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा नॉइज साधारण १ ते ४ नॅनोव्होल्ट असतो. तुमचा सिग्नल १.७. म्हणजे ज्याने ऐकायचं तोच बोलणाऱ्याएवढा किंवा त्याहून मोठ्याने पुटपुटतोय. पुढची सगळी खटपट याच एका अडचणीपायी.

आणखी एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: ४.२ केल्विनला तापमानाचं व्होल्टेजमधलं रूप ०.३६ मिलिव्होल्ट. बायस याच्या दोन-तीन पटींपर्यंत जात नाही तोवर शॉट नॉइज थर्मलमधून वेगळा दिसत नाही. खोलीच्या तापमानाला हाच आकडा जवळजवळ २६ मिलिव्होल्ट होतो, तेव्हा तिथे एवढासा सांधा तुटू न देता शॉट नॉइज मोजणं किती अवघड ते लक्षात येईल.

तारा, बॅटरी आणि टिचकी

बायस बॅटरीतून द्या. विजेच्या जोडणीवर चालणारा स्रोत कितीही चांगला असला तरी त्याची गुणगुण आणि तिच्या पटी स्पेक्ट्रममध्ये कुंपणासारख्या उभ्या राहतात. बॅटरी आणि सॅम्पल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना मोठा रोध घाला, काही मेगाओमचा, शक्यतो थंड भागात. रोध सॅम्पलच्या मानाने फार मोठा नसेल तर सॅम्पलचा नॉइज त्याच्यातूनही वाट काढतो आणि तुम्हाला कमी दिसतो.

अ‍ॅम्प्लिफायर एक नको, दोन हवेत. प्रत्येकाच्या तारांची जोडी सॅम्पलपर्यंत स्वतंत्र न्यायची आणि दोघांच्या आउटपुटचा क्रॉस-स्पेक्ट्रम, म्हणजे दोघांत सामाईक असलेला भाग, घ्यायचा. सॅम्पलचा नॉइज दोघांनाही एकसारखा ऐकू येतो. प्रत्येकाचं स्वतःचं पुटपुटणं दुसऱ्याला ऐकू येत नाही, त्यामुळे सरासरी घेत गेलं की ते विरत जातं. इथे एक खोच आहे, जी मला कुणी सांगितली नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरचा व्होल्टेज नॉइज विरतो, करंट नॉइज विरत नाही. तो इनपुटमधून उलटा सॅम्पलमध्ये शिरतो, सॅम्पलच्या रोधावर व्होल्टेज उभं करतो आणि ते दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरना दिसतं. सॅम्पलचा रोध जेवढा मोठा तेवढा हा त्रास वाढतो. तो वजा करण्यासाठी वेगवेगळ्या किमतींचे साधे रोध लावून आधीच मोजून ठेवा.

शील्ड एकाच ठिकाणी ग्राउंड करा. मग स्पेक्ट्रम पडद्यावर चालू ठेवून प्रत्येक केबलला बोटाने टिचकी मारा. खरंच मारा. पडदा हलला तर ती केबल तिथे चिकटपट्टीने घट्ट करा. वाकणारी केबल स्वतःच भार निर्माण करते, आणि क्रायोस्टॅटच्या (सॅम्पल थंड ठेवणाऱ्या भांड्याच्या) मानेतली सैल तार पंपाची धडधड इमाने इतबारे वाजवून दाखवते. मी मोजताना पंप बंदच ठेवते. हेलियम असेपर्यंत वेळ आपला.

गेन: इथे घाई नको

गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होऊन पोचतो तो आकडा, माहीत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकातला गेन वापरू नका. फिल्टर, केबल, डिजिटायझर, विंडो फंक्शन, सगळे आपापला हिस्सा कापतात. स्पेक्ट्रम काढताना हान विंडो (सिग्नलचा तुकडा कडांना निमुळता करणारं गणित) वापरली आणि तिची १.५ पट नॉइज-रुंदी भागायची राहिली, की झालंच.

मी असं करते. सॅम्पलच्या जागी १० किलोओमचा मेटल-फिल्म रोध बसवायचा आणि तीन तापमानांना नॉइज मोजायचा: खोलीत, द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनला, द्रव हेलियममध्ये ४.२ ला. अपेक्षित उत्तरं साधारण १२.९, ६.५ आणि १.५ नॅनोव्होल्ट. रोधाची किंमत प्रत्येक तापमानाला नव्याने मोजा. कार्बनचे रोध थंडीत पार बदलतात, म्हणून ते थर्मामीटरसाठी वापरतात आणि म्हणूनच इथे चालत नाहीत. मग व्होल्टेज नॉइजचा वर्ग एका अक्षावर, रोध × तापमान दुसऱ्यावर. सरळ रेषा यायला हवी. तिच्या उतारातून गेन मिळतो, ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथे अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज. तीन बिंदू सरळ रेषेत नसतील तर पुढे जाऊ नका, कितीही मोह झाला तरी.

सिद्धांतवाल्यांचे लेख वाचताना दोनाचा घोळ सांभाळा. काही जण फक्त धन वारंवारता धरतात, तेव्हा थर्मल नॉइजमध्ये ४ आणि शॉट नॉइजमध्ये २ येतात. काही जण धन-ऋण दोन्ही धरतात, तेव्हा २ आणि १. वर सांगितल्याप्रमाणे थर्मल नॉइजनेच गेन बसवला तर या घोळाचा तुम्हाला उपद्रव होत नाही, कारण दोन्ही एकाच मापाने मोजले जातात. फक्त एकाच परिच्छेदात दोन पद्धती मिसळू नका. मी मिसळल्या आहेत. अर्ध्या पानाचं आकाशपाताळ एक करून शेवटी दोनाने भागलं.

३.४ केल्विनचं कोडं

आता तो दिवस. सांधा ताणून मी त्याचा कंडक्टन्स एका क्वांटमच्या दहाव्या हिश्शावर आणला होता. एकच चॅनल, शक्यता ०.१, तेव्हा फॅनो ०.९ हवा. मी १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मोजत होते. त्याच्या खाली १/एफ नॉइज (वारंवारता कमी होईल तसा वाढणारा) होता आणि वर कुठून तरी येणारी शिटी.

माझ्या केबल मिळून ३ मीटर. कोअ‍ॅक्सचा कपॅसिटन्स साधारण १०० पिकोफॅरड प्रति मीटर, म्हणजे एकूण ३००. सॅम्पल १२.९ किलोओमचं असताना हा रोध आणि हा कपॅसिटन्स मिळून ४१ किलोहर्ट्झपासून सिग्नल कापू लागतात. माझा पट्टा त्याच्या खूप खाली, म्हणून एका क्वांटमजवळचे सगळे सांधे व्यवस्थित मोजले गेले आणि मी निर्धास्त झाले. पण ताणलेला सांधा १२९ किलोओमचा. तोच कपॅसिटन्स आता ४.१ किलोहर्ट्झपासूनच कापतो. १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातला सरासरी ८० टक्के नॉइजच माझ्यापर्यंत पोचत होता. ०.९ चे ८० टक्के ०.७२. ४.२ चे ८० टक्के ३.४.

दोन आठवडे!

तेव्हापासून माझा नियम: प्रत्येक नव्या सांध्याचं पहिलं मोजमाप शून्य बायसला. त्या नॉइजवरून तापमान काढायचं आणि थर्मामीटरशी ताडून बघायचं. २-३ टक्क्यांत जुळलं तर पुढे. कमी आलं तर सिग्नल कुठेतरी गळतोय, कारण टाकीपेक्षा थंड सॅम्पल असू शकत नाही. जास्त आलं तर बाहेरचा नॉइज आत येतोय किंवा सॅम्पल खरंच गरम आहे. जुळेपर्यंत बायसच्या बटणाला हात लावायचा नाही.

गळतीवर उपाय सोपा आहे. अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज वजा केल्यावर बायस असतानाच्या स्पेक्ट्रमला त्याच सांध्याच्या शून्य बायसच्या स्पेक्ट्रमने भागा. गेन आणि कपॅसिटन्सचा काप दोन्हीकडे सारखेच असतात, ते उडतात. अट एवढीच की बायसमुळे सांध्याचा डिफरन्शिअल कंडक्टन्स बदललेला नसावा. बदलत असेल तर तो प्रत्येक बायसला लॉक-इन यंत्राने मोजून दुरुस्ती करावी लागते. केबल तोकडी ठेवणं किंवा पहिला अ‍ॅम्प्लिफायर क्रायोस्टॅटच्या आत थंड भागात बसवणं हे त्याहून चांगले मार्ग. काही गट सॅम्पलला कॉइल जोडून मेगाहर्ट्झच्या आसपास अनुनाद बसवतात, म्हणजे केबलचा कपॅसिटन्स शत्रू न राहता कामाला लागतो आणि १/एफ खूप मागे राहतो.

मोजणी

क्रम असा ठेवा: शून्य, धन, शून्य, ऋण, शून्य, मग पुढचा बायस. मध्ये मध्ये शून्यावर परत आल्याने सांधा तोच आहे की सरकला हे कळतं. अणूचा सांधा आहे, मनात आलं की बदलतो. शून्याचा नॉइज पहिल्यापेक्षा निराळा आला तर मधली सगळी मोजणी फेकून द्यायची. बायस चढत्या क्रमाने देऊ नका, उलटसुलट द्या. नाहीतर हेलियमची पातळी उतरत गेल्याचा परिणाम आणि बायसचा परिणाम एकमेकांत असे मिसळतात की वेगळे करता येत नाहीत.

किती वेळ मोजायचं? पट्ट्याची रुंदी × वेळ, त्याच्या वर्गमुळाने १ ला भागा: तेवढी सापेक्ष अनिश्चितता. २० किलोहर्ट्झचा पट्टा आणि ५० सेकंद, म्हणजे दहा लाख, म्हणजे ०.१ टक्का. पण हा ०.१ टक्का एकूण नॉइजचा आहे, अ‍ॅम्प्लिफायरसकट. सिग्नल एकूण नॉइजचा पाचवा हिस्सा असेल तर सिग्नलपुरती अनिश्चितता पाचपट.

आलेख प्रवाह विरुद्ध नॉइज असा काढू नका, लहान बायसला तो वाकतो आणि डोळा फसतो. त्याऐवजी बायसला तापमानाच्या व्होल्टेजच्या दुप्पटीने भागा, आलेल्या संख्येला तिच्याच हायपरबोलिक कोटॅन्जन्टने गुणा, हा आडवा अक्ष. उभ्या अक्षावर वाढ, म्हणजे बायसमुळे नॉइजमध्ये पडलेली भर शून्य बायसच्या नॉइजच्या किती पट ती. आडव्या अक्षावर १ पासून निघणारी सरळ रेषा मिळते आणि तिचा उतार हाच फॅनो. तपासायला एक बिंदू देते: ४.२ केल्विनला १० मिलिव्होल्टचा आडवा अक्ष १३.८, तेव्हा फॅनो ०.१ असेल तर वाढ १.२८ पट. सोन्यात १० मिलिव्होल्टच्या फार पुढे जाऊ नका, तिथून अणूंची कंपनं जागी होऊ लागतात आणि नॉइजची गोष्टच बदलते.

रेषा वर वाकू लागली तर दोन संशयित. १/एफ नॉइज प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. पट्टा वर सरकवा, वाकणं कमी झालं तर तोच चोर. कमी झालं नाही तर सॅम्पल तापतंय.

उष्णता: आधी त्रास, मग सिग्नल

सॅम्पल तापणं म्हणजे नेमकं काय, हे फॅनोच्याच आकड्यांतून दिसतं. लांब, अशुद्ध धातूची तार घ्या. इलेक्ट्रॉन तिच्यातून जाताना आपसांत ऊर्जा वाटून घेत नसतील तर फॅनो एक-तृतीयांश. १९९२ मध्ये बीनाकर व ब्यूटिकर यांनी, आणि स्वतंत्रपणे नागाएव यांनी, हे दाखवलं. तार थोडी लांब झाली, इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळून आपसांत समतोल साधू लागले, पण धातूच्या अणूंच्या जाळीला उष्णता द्यायला अजून सवड नाही, की फॅनो ०.४३ होतो. भार तोच, प्रवाह तोच, फक्त उष्णतेची वाटणी वेगळी. या दुसऱ्या स्थितीत तारेच्या मध्यावर इलेक्ट्रॉनचं तापमान दर मिलिव्होल्टला ३.२ केल्विनने चढतं. १० मिलिव्होल्टला मध्यभागी ३२ केल्विन, आणि टोकं अजून ४.२ वर! थर्मामीटर टोकापाशी लावून ‘सॅम्पल थंड आहे’ असं लिहिणाऱ्यांत मीही होते.

तापमानाचा फरक स्वतःही नॉइज करतो. सांध्याची एक बाजू गरम, दुसरी थंड, बायस शून्य, सरासरी प्रवाह शून्य, तरीही शॉट नॉइजसारखा जास्तीचा नॉइज. वाइझमन संस्थेत अणू-सांध्यांवर हा मोजला गेला, २०१८ मध्ये ‘डेल्टा-टी नॉइज’ या नावाने आला. तो ‘शक्यता × (१ − शक्यता)’ याच रूपाचा असतो, म्हणून पूर्ण उघड्या चॅनलमध्ये नाहीसा होतो. आकार बघा: फॅनो ०.५ आणि तापमानाचा फरक सरासरीच्या ४० टक्के असला तरी वाढ थर्मल नॉइजच्या ०.९ टक्के. लहान फरकांसाठी मी एक सोयीचं रूपांतर काढून ठेवलंय: १ केल्विनचा फरक सुमारे १०० मायक्रोव्होल्ट बायसएवढा नॉइज देतो.

एवढासा असूनही तो ओळखायला का शिकायचा? माझ्या जुन्या सॅम्पल-होल्डरवर थर्मामीटरची तार फक्त एकाच बाजूला जोडलेली होती आणि वरून उष्णता खाली आणत होती. ती बाजू २ केल्विनने गरम असेल तर सरासरी तापमान १ केल्विनने चढतं आणि थर्मल नॉइज जवळजवळ २४ टक्क्यांनी वाढतो. हा पहिला, ठळक परिणाम, तो कंडक्टन्सच्या सरळ प्रमाणात असतो. डेल्टा-टी त्याच्या पाठीमागे लपतो, पण एका क्वांटमपाशी खड्डा पडतो आणि मधल्या कंडक्टन्सला फुगवटा येतो. म्हणून शून्य बायसचा नॉइज निदान तीस-चाळीस वेगवेगळ्या सांध्यांवर मोजून कंडक्टन्सविरुद्ध मांडा. सरळ रेषा आली तर दोन्ही बाजूंचं तापमान सारखं. उतारातून मिळणारं तापमान टाकीपेक्षा जास्त आलं तर तारा सॅम्पलपर्यंत पोचण्याआधी कुठे थंड केल्यात ते बघा.

आता एक प्रश्न, जो मला नेहमी विचारतात: उष्णतेच्या प्रवाहाचे चढउतार थेट मोजता येतात का? भाराच्या प्रवाहासाठी अ‍ॅममीटर आहे, उष्णतेसाठी तसं काही नाही. समतोलात उष्णता-प्रवाहाच्या चढउतारांची घनता ४ × बोल्ट्झमन स्थिरांक × तापमानाचा वर्ग × उष्णतेचा कंडक्टन्स. एका उघड्या चॅनलचा, दोन्ही स्पिन धरून, उष्णतेचा कंडक्टन्स दर केल्विनला १.९ पिकोवॉट प्रति केल्विन. त्यावरून ४.२ केल्विनला चढउतार ८८ अ‍ॅटोवॉट प्रति वर्गमूळ हर्ट्झ. हा आकडा वाचून हात टेकू नका, त्यातला एक भाग फुकट मिळतो.

भार आणि उष्णता यांत एक मूलभूत फरक आहे. कमी वारंवारतेला डावीकडून निघालेला भार तेवढाच उजवीकडे पोचतो. उष्णतेचं तसं नाही, कारण वाटेत बॅटरीचं काम उष्णतेत भर घालतं. पारगमनाची शक्यता ऊर्जेनुसार बदलत नसेल तर सरासरीत प्रत्येक बाजूला प्रवाह × व्होल्टेज यांचा अर्धा वाटा जातो, पण क्षणोक्षणीचा वाटा ठरलेला नसतो. बेरीज मात्र ठरलेली असते. व्होल्टेज स्थिर धरलं असेल तर दोन्ही बाजूंच्या उष्णतेची बेरीज म्हणजे प्रवाह × व्होल्टेज, आणि तिचे चढउतार म्हणजे प्रवाहाच्या चढउतारांना व्होल्टेजने गुणलेलं. आपला सोन्याचा सांधा, १० मिलिव्होल्ट, फॅनो ०.१: एकूण प्रवाह-नॉइज सुमारे २०० फेम्टोअँपिअर, म्हणजे उष्णतेच्या बेरजेचा नॉइज २ फेम्टोवॉट प्रति वर्गमूळ हर्ट्झ. हे तुम्ही आधीच मोजलंय, फक्त गुणाकार करायचाय. वर सांगितलेला मोठ्या रोधाचा बायस मात्र व्होल्टेज नव्हे, प्रवाह स्थिर धरतो, हे विसरू नका. मोजलेल्या व्होल्टेज नॉइजवरून आधी स्थिर-व्होल्टेजचा प्रवाह-नॉइज काढा, मग गुणा.

बेरीज मिळाली, पण कुठल्या बाजूला किती गेलं त्याचे चढउतार हवे असतील तर लहानसं बेट लागतं: मायक्रॉनच्या मापाचा धातूचा तुकडा, ज्याची उष्णताधारकता इतकी कमी की आत-बाहेर होणाऱ्या उष्णतेने त्याचं तापमान हलावं. समतोलात त्या हलण्याचा वर्ग बोल्ट्झमन स्थिरांक × तापमानाचा वर्ग भागिले उष्णताधारकता एवढा. तुकडा लहान आणि तापमान कमी, दोन्ही हवं, म्हणून हे काम डायल्यूशन रेफ्रिजरेटरमध्ये, मिलिकेल्विनच्या प्रदेशात चालतं. तापमान वाचायला बहुतेक वेळा जलद सुपरकंडक्टिंग जंक्शन किंवा तुकड्याचाच नॉइज वापरतात. उष्णतेच्या सरासरी प्रवाहासाठी ही नॉइजची थर्मामीटरी फार पक्की ठरली आहे. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये एका इलेक्ट्रॉन-चॅनलचा उष्णतेचा क्वांटम तिनेच मोजला, आणि २०१८ मध्ये वाइझमनमध्ये पाच-द्वितीयांश क्वांटम हॉल अवस्थेत (चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनांची एक खास अवस्था) त्या क्वांटमच्या अडीच पट उत्तर मिळालं. बेटाच्या कामाला हात घालायचा असेल तर आधी हा सरासरीचा प्रयोग बसवा. त्यात शून्य बायसला बेटाचं तापमान रेफ्रिजरेटरशी जुळत नसेल तर चढउतारांकडे जाण्यात अर्थ नाही.

काम आटोपलं की सॅम्पल बाहेर काढण्याआधी शेवटचा शून्य बायस घ्या, हेलियमची पातळी आणि घड्याळाची वेळ शेजारी लिहा, आणि मगच पंप सुरू करा. माझ्या वहीत त्या लाल प्रश्नचिन्हांच्या पानावर हा शेवटचा शून्य घेतलेला नाही.